शिर्दाकातली घोडी

खोटं बोलायला बातमाला फार तर दोन मिनिटं लागली असतील, आणि तेही काही ठरवून नव्हे. ठरवून खोटं बोलणारी बाई निदान घोडीचा रंग तरी आधी पक्का करून ठेवते.

झालं ते असं. वसंतात बिश्केकला हस्तकलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं आणि नारीनकडच्या डोंगरांतून सहाजणींचे शिर्दाक तिथे गेले होते. शिर्दाक म्हणजे जमिनीवर अंथरायची, वर चहा सांडायची, पोरांनी लोळायची वस्तू. शहरात तो खिळे ठोकून भिंतीवर टांगला होता आणि लोक हात पाठीमागे बांधून, माना वर करून त्याच्याकडे बघत होते. बातमाला आधी याचंच हसू येत होतं. मग जिपार आली. जिपार ही प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. प्रत्येक बाईपाशी थांबून, थोरल्या बाईला म्हणतात तसं ‘एजे’ म्हणत, ती एकच प्रश्न विचारत होती: एजे, हे तुम्हाला कशातून सुचलं?

बातमाच्या अलीकडे तिच्याच भागातली, अत-बाशीची एक म्हातारी होती. ती म्हणाली, माझी आई असंच करायची, मीही असंच करते. जिपारनं एक ओळ लिहिली आणि पान उलटलं. तिच्या शेजारची तरुण बाई मोठी चलाख. तिनं गरुड काय, कडा काय, मरताना वडील काय बोलले, असं एकामागून एक सांगितलं आणि जिपारची दोन पानं भरली. बातमा हे सगळं बघत होती. एका ओळीची बाई व्हायचं तिच्या अगदी जिवावर आलं.

खरं सांगायचं तर तिच्याकडे अर्धीच ओळ होती. भिंतीवरची नक्षी तिची नव्हती, तिच्या थोरल्या जावेची होती, शारकानची. नेहमीच्या शिर्दाकावर मेंढ्याच्या शिंगाची वेलांटी असते, गोल वळून आत मिटणारी. शारकानच्या नक्षीत ती गोल वळायची, पण मिटायची नाही. शेवटी एक टोक बाहेर लांब निघून उघडंच राहायचं. असं शिंग दुसऱ्या कुणी कापलेलं आख्ख्या खोऱ्यात कुणी पाहिलं नव्हतं.

“एजे, हे शिंग असं उघडं का?” जिपारनं विचारलं.

आणि बातमाच्या तोंडून घोडी बाहेर पडली. एका पहाटे कुरणावर एक घोडी हरवलेलं शिंगरू शोधत होती, म्हणाली. दव पडलेल्या गवतात गोल गोल फिरत होती. ती निघून गेली तरी गवतावर तिचा माग राहिला, गोल, पण शेवटी उघडा, कारण शिंगरू काही सापडलं नव्हतं. मी तंबूच्या दारातून ते बघितलं आणि तसंच बुरणुसावर उतरवलं. बोलता बोलता बातमाचा आवाज आपोआप जड झाला. जिपारनं डोळे पुसले. पलीकडची गरुडवाली बाई तोंड बारीक करून बसली, आणि ते बघून बातमाला बरं वाटलं. नंतर तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या बरं वाटण्याची.

तिला पहिलं बक्षीस मिळालं. कामाच्या सफाईचं परीक्षकांनी फार कौतुक केलं. शरद ऋतूत परदेशात एक प्रदर्शन होतं, तिथेही तिचं नाव गेलं. महिन्याभरात छापील पुस्तिका आली, गुळगुळीत कागदाची. त्यात बातमाचा फोटो, शिर्दाकाचा फोटो, आणि तीन भाषांत घोडी.

आता गोम काय आहे ती सांगायला हवी. शिर्दाक कधी एकटा होत नाही. लोकर दाबून केलेले दोन रंगांचे जाड बुरणूस एकावर एक ठेवायचे, वरच्यावर साबणाच्या चिपेनं नक्षी काढायची आणि धारदार सुरीनं दोन्ही एकदम कापायचे. लालमधून निघालेली नक्षी करड्याच्या भोकात बसते, करड्याची लालच्या भोकात. मग खाली साधा बुरणूस लावून टीप घालायची. म्हणजे एका कापणीत दोन शिर्दाक निघतात, सख्खी जुळी, आणि एकाच्या पोटात दुसऱ्याचा तुकडा असतो. दोघींनी मिळून काम केलं तर एकेक वाटून घेतात. म्हणून आमच्याकडे नक्षी चोरणं सोपं नाही. तिचं जुळं कुणाच्या ना कुणाच्या घरात अंथरलेलं असतंच.

बावीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, कुरणावरच्या तंबूत, शारकाननं ती नक्षी काढली आणि तिनंच कापली. बातमानं नुसता बुरणूस धरला होता. तिला नीट आठवतही नव्हतं. त्या वसंतात तिची पहिली मुलगी गेली होती, आठ दिवसांची, आणि तो सगळा उन्हाळा तिनं बहुतेक झोपून काढला होता. शारकाननं लाल जमिनीचा स्वतःकडे ठेवला आणि करड्या जमिनीचा हिला दिला. मग बातमाला दोन मुलगे झाले, ते मोठे झाले, कामाला रशियात गेले. शारकानचा नवरा वारला. तिची बोटं सांध्यांत वाकडी झाली, सुई धरेनाशी झाली. गेल्या हिवाळ्यात बातमानं आपल्या घरातला करडा समोर ठेवून त्याच्यावरून नवीन कापला. जुन्यात उघड्या टोकाशी चार बारीक चिरा होत्या. तिथे शारकानची सुरी घसरली असावी, असं बातमाला वाटलं. नव्यात तिनं त्या काढून टाकल्या आणि टोक छान गोल केलं. तोच बिश्केकला टांगला होता.

जावेची बोटं गेली, आता ती काही करत नाही, नक्षी तशीच पडून कुजायची ती निदान जगासमोर येईल: असं बातमानं मनाशी म्हणून ठेवलं होतं. पण हे तिनं शारकानला एकदाही म्हणून दाखवलं नाही, यावरूनच काय ते समजा.

गावात पुस्तिका फिरली. पहिला बाण अर्थातच शेजारच्या उपोलनं सोडला. विहिरीवर भेटली तेव्हा ती म्हणाली, “बाई बाई, बावीस वर्षं शारकानच्या घरी त्या घोडीच्या मागावर बसून चहा ढोसला आम्ही, आणि कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जरा जपून बसलो असतो.” बाकीच्या हसल्या. उपोलच्या मनात काही वाकडं नव्हतं. दोघी जावांचं काम, नक्षी कुणी काढली ते तिला काय माहीत. बातमाही हसली. पाण्याचे डबे घेऊन घरी येईपर्यंत तिचे कान गरम होते.

नवऱ्याचं तर विचारू नका. सागिन हा माणूस मुळातच हौशी, त्यात बायकोचा फोटो छापून आलेला. त्यानं पुस्तिका खिशात घालून गावभर दाखवली. आधी त्याला एक अडचण आली होती: त्या वर्षी आपल्याकडे घोडी नव्हतीच, एक खच्ची घोडा तेवढा होता. मग त्यानं विचार करून ठरवलं की ती उपोलच्या नवऱ्याची असणार. पुढच्या आठवड्यात तिच्या कपाळावर ठिपका आला. आणखी थोड्या दिवसांनी सागिनला ती पहाट स्वतःलाच आठवायला लागली. मीच हिला उठवलं, तो लोकांना सांगायचा, म्हटलं ऊठ, बघ घोडी कशी फिरतेय. बातमा त्याला गप्प करायची, पण कशासाठी ते सांगता येत नव्हतं.

शारकानकडे पुस्तिका द्यायला बातमा स्वतः गेली. जाण्याआधी चार दिवस तिनं टाळाटाळ केली, मग आणखी टाळलं तर वाईट दिसेल म्हणून गेली. शारकाननं चष्मा लावला, खिडकीपाशी सरकली आणि सावकाश वाचलं. पान संपल्यावर फोटोवरून वाकड्या बोटानं हात फिरवला. टोकापाशी तिचं बोट जरा थांबलं.

“फोटो चांगला आलाय तुझा,” ती म्हणाली. “घोडी कुठल्या रंगाची होती गं?”

बातमानं रंग ठरवलाच नव्हता. “भुरी,” ती म्हणाली.

“भुरी. हं. भुरी बरी दिसते गवतात.”

एवढंच. शारकाननं पुस्तिका मिटून कपाटावर ठेवली, नीट, धूळ बसणार नाही अशी, आणि चहा टाकला. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बातमानं त्या आनंदानं खाल्ल्या असत्या. निदान भांडता आलं असतं, रडता आलं असतं, चल तुझं नाव सांगते सगळ्यांना असं रागानं का होईना म्हणता आलं असतं. पण शारकाननं चहात कायमाकची जाड साय घातली, तळलेले बोरसोक पुढे सरकवले आणि मुलांचा फोन येतो का विचारलं. बातमा त्याच लाल शिर्दाकावर बसून बोरसोक खात होती. तिची नजर खाली गेली की उघडी वेलांटी दिसायची. तिनं मांडीवर ओढणी पसरून ती झाकली.

मग जूनमध्ये जिपारचा फोन आला. ती तीन माणसं आणि कॅमेरा घेऊन येणार होती. परदेशातल्या प्रदर्शनात दाखवायला छोटी फिल्म करायची होती. घोडी फिरली ती जागा बघायची होती, आणि एजेनं गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगायची होती. सागिननं त्याच दिवशी जागा शोधायला सुरुवात केली आणि उपोलच्या नवऱ्याकडे घोडीचा शब्दही टाकून आला. बातमाला भीती वाटली ती जागेची नव्हे. पाहुणे आले की पहिला चहा घराण्यातल्या थोरल्या घरी होतो. सासू-सासरे गेल्यापासून ते घर शारकानचं. म्हणजे कॅमेरा घेऊन ही माणसं थेट शारकानच्या शिर्दाकावर जाऊन बसणार. जिपार काही आंधळी नव्हती. जुना, बावीस वर्षं वापरलेला, टोकाशी चिरा असलेला जुळा बघून ती विचारणार, हा कुणी कापला? आणि शारकान खोटं बोलणारी बाई नाही.

दोन दिवस बातमानं डोकं चालवलं. शिर्दाक धुवायला मागावा? पाहुणे यायच्या तोंडावर कोण धुतं. माझा नवा अंथरा, जुना मी नेते, असं म्हणावं? ते तर सरळ सरळ हाकलणंच झालं. शेवटी तिनं ठरवलं की म्हणायचं, एजे, कडेची टीप उसवली आहे, मी दुरुस्त करून देते, आठ दिवसांत परत. टीप खरोखर उसवली होती. हे सुचल्यावर तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटतंय हे कळल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पण गेली. दुपारची वेळ होती, शारकान अंगणात लोकर उन्हात पसरत होती. आत जा, चहा ठेवलाय, म्हणाली.

बातमा आत गेली आणि उंबऱ्याशीच थांबली.

शिर्दाक उलटा अंथरलेला होता. खालचा साधा मळकट बुरणूस वर, नक्षी जमिनीकडे. घरात कुणी शिर्दाक उलटा अंथरत नाही. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी सांडलंय किंवा फाटलंय आणि घरची बाई आळशी आहे. शारकान तर अशी की तिच्या घरी गाद्यांची चवडसुद्धा एका रेषेत. आणि त्या उलट्या बुरणुसावर ती रोज बसत होती, जेवत होती. मधोमध तिची उशी होती, बाजूला चष्मा आणि तीच ती पुस्तिका.

शारकान हात झटकत मागून आली. बातमा काय बघतेय ते तिला दिसलं.

“तुझी माणसं येणार म्हणे,” ती म्हणाली. “म्हटलं आत्तापासूनच उलटा टाकावा. ऐनवेळी विसरायला व्हायचं, माझं काही खरं नाही आता.”

बातमाला वाटलं, जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. ती टीप उसवल्याचं काहीच बोलली नाही. चहा न घेताच, चुलीवर दूध ठेवून आलेय असं पुटपुटत ती बाहेर पडली. चूल सकाळपासून विझलेली होती. म्हणजे अजून एक खोटं. वाटेत तिला रडू आलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या रडण्यात मनाच्या एका कोपऱ्यात सुटल्यासारखंही वाटत होतं: चला, आता कुणी काही बघणार नाही.

पाहुणे आले ते सकाळी. जिपार, तिच्याबरोबर परदेशातली एक उंच बाई, कॅमेरा धरणारा माणूस आणि ड्रायव्हर. आधी कुरणावर जाणं झालं. सागिननं जागा छान निवडली होती. उपोलच्या नवऱ्याची घोडी मात्र गोल फिरायला तयार नव्हती; ती सरळ ओढ्याकडे चालायची आणि सागिन हातवारे करत तिच्यामागे पळायचा. कॅमेऱ्यावाला हसत होता. जिपार म्हणाली राहू दे, एजेचा चेहराच पुरे आहे. बातमानं चेहरा कसा ठेवला ते तिचं तिला माहीत.

मग सगळे शारकानकडे चहाला आले. शारकाननं ठेवणीतला पांढरा रुमाल डोक्याला बांधला होता. बोरसोक, कायमाक, जर्दाळूचा मुरंबा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, किमिझचा मोठा वाडगा, काही कमी नव्हतं. पाहुण्यांना तिनं वरच्या जागी बसवलं, उलट्या शिर्दाकावर, आणि वर गाद्या घालून तो झाकायचा जमेल तेवढा प्रयत्न केला होता. गाद्यांच्या मधून बुरणुसाचा मळका पट्टा दिसत होता. परदेशी बाईला काही कळलं नाही. जिपारला कळलं, तिनं एकदा तिकडे बघितलं, एकदा शारकानकडे, आणि नजर वळवली. बिचारी म्हातारी, एकटी असते, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं. बातमानं ते पाहिलं. उभ्या जन्मात शारकानकडे कुणी अशा नजरेनं बघितलं नव्हतं.

कॅमेरा लावून झाला. “करा सुरुवात एजे,” जिपार म्हणाली. “ती पहाट सांगा.”

“एका पहाटे,” बातमा म्हणाली आणि थांबली.

तिचा तळहात बुरणुसावर टेकलेला होता. शिर्दाक उलटा केला म्हणून नक्षी जात नाही. टीप दोन्ही थरांतून घातलेली असते, मागून नुसते टाके दिसतात, वेलांटीच्या बाजूबाजूनं गेलेले. तिची बोटं आपोआप त्या टाक्यांवरून फिरत होती. गोल, आणखी गोल, मग बाहेर. हे टाके शारकाननं घातले होते, सरळ बोटांनी. समोर तीच बाई वाकड्या बोटांनी किटली धरून पाहुण्यांना रीतीप्रमाणे अर्धे अर्धे पेले भरून देत होती, मान खाली घालून, आपण घरात नाहीच अशी.

“जरा उठता का सगळे,” बातमा म्हणाली.

कुणाला काही समजलं नाही. शारकानला समजलं. “बस तू,” ती हळूच म्हणाली, “चहा गार होतोय.” पण बातमानं गाद्या ओढल्या, पेले कडेला सारले, एक पेला सांडलाही, आणि शिर्दाकाचं टोक धरून तो एकटीनं उलटला. भारी होता. धूळ उडाली. आतला लाल रंग इतके दिवस खाली दबून होता तरी तसाच होता.

“घोडी नव्हती,” बातमा म्हणाली. आवाज चिरका निघाला, प्रदर्शनातल्यासारखा जड वगैरे नाही. “ही नक्षी ह्यांनी काढली, माझ्या जाऊबाईंनी. बावीस वर्षं झाली. कापलाही ह्यांनीच, मी नुसता बुरणूस धरून बसले होते. त्याच्यावरून मी उतरवून घेतला आणि माझा म्हणून टांगला. घोडी मी तिथल्या तिथे रचली. शेजारच्या बाईनं गरुड सांगितला म्हणून.”

कॅमेऱ्यावाल्याला बंद करावं की चालू ठेवावं ते कळेना.

“अगं पण मी पाहिलीय ती,” सागिन म्हणाला.

त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. जिपारचा चेहरा पडला होता. छापील पुस्तिका, परदेशातलं प्रदर्शन, तिथे गेलेली पत्रं, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून जात असणार. पण मुलगी सभ्य होती. तिनं ओठ चावला आणि शारकानकडे वळली.

“एजे, मग तुम्हाला हे कशातून सुचलं?”

शारकान सांडलेला चहा पुसत होती. तिनं फडकं पिळलं, बाजूला ठेवलं. एकदा शिर्दाकाकडे बघितलं, एकदा बातमाकडे. बातमा मान वर करून वाट बघत होती. आता जे काय बोलेल ते बोलू दे, मला चोर म्हणू दे, असं तिला मनापासून वाटत होतं.

“घोडीच होती,” शारकान म्हणाली. “भुरी. हिनंच आधी बघितली आणि मला येऊन सांगितलं. मी नुसतं कापलं. ही उगाच सगळं माझ्या पदरात टाकतेय, लग्न होऊन आली तेव्हापासून भिडस्त आहे.”

आणि तिनं घोडीची गोष्ट सांगितली. बातमाहून कितीतरी चांगली सांगितली. घोडीच्या गळ्यात एक घुंगूर होता म्हणाली, माग दिसायच्या आधी तो ऐकू यायचा. जिपारचा चेहरा उजळला. दोन जावा आणि एक घोडी, ही तर आणखी सुंदर गोष्ट आहे, ती परदेशी बाईला तिच्या भाषेत सांगत सुटली. दोघींना शेजारी शेजारी बसवून फिल्म काढली. बातमाला हात जावेच्या हातावर ठेवायला सांगितला, तो तिनं ठेवला. खरं बोलून मोकळं व्हायला आलेली बाई पहिल्यापेक्षा खोल खोट्यात बसली होती, आणि आता ते खोटं जावेच्याही अंगाला लागलं होतं.

गाडी गेली. सागिन पाहुण्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेला. शारकान भांडी गोळा करायला लागली.

“का केलंत असं?” बातमा म्हणाली. “कधी नव्हे ते मी खरं बोलले.”

“बोललीस ना. ऐकलं मी. मला तेवढं पुरे.”

“मग तुम्ही घोडी कशाला सांगितली? तुमचं होतं ते सांगायचं.”

“त्या मुलीला?” शारकान पेले एकात एक घालत होती. “बातमा, बावीस वर्षांत तू मला कधी विचारलंस, हे कशातून काढलं म्हणून?”

बातमानं आठवून बघितलं. कितीही मागे गेली तरी तसा एकही दिवस सापडेना. शहरातल्या कालच्या पोरीनं विचारलं ते तिनं आयुष्यात विचारलं नव्हतं. नक्षी घेतली होती, वापरली होती, तिच्यावर बसली होती.

“नाही विचारलं,” ती म्हणाली.

“त्या उन्हाळ्यात तू दिवसभर झोपायचीस,” शारकान म्हणाली. ती भांड्यांकडेच बघत होती. “पोर गेली त्यानंतर. गुडघे पोटाशी घेऊन, हनुवटी छातीवर, गोल. तंबूत दाराच्या बाजूला. मला वाटायचं, ही अशीच मिटून जाणार एक दिवस. पण एक हात बाहेर असायचा तुझा. लांब टाकलेला. आणि झोपेत तू जमिनीवर थोपटायचीस. सावकाश. तासन् तास. मी समोर बसून लोकर विंचरत असायचे, मला उठून जाताही यायचं नाही.”

बातमानं हातातला पेला खाली ठेवला.

“त्या हातामुळे मला धीर यायचा,” शारकान म्हणाली. “म्हटलं मिटली नाही अजून. म्हणून तसं कापलं. एक तुला दिला, एक मी ठेवला. आता हे काय कॅमेऱ्यापुढे सांगायचं? परक्या माणसांना?”

बातमा शिर्दाकाकडे बघत होती. बावीस वर्षं तिला तिथे शिंग दिसलं होतं, मग दोन महिने घोडीचा माग. आता तिथे एक बाई झोपलेली होती, पाठ वाकवून, गुडघे वर घेऊन. ती वाकली आणि उघड्या टोकाशी गेली. तिथे त्या चार चिरा होत्या, बारीक, जवळ जवळ, एका मापाच्या. सुरी चार वेळा एकसारखी घसरत नाही हे कापायला नुकत्याच शिकलेल्या पोरीलाही कळतं. चार चिरांची पाच बोटं होतात.

“मी हे काढून टाकलं,” ती म्हणाली. “नव्यात. मला वाटलं तुमच्या हातून चुकलं असेल.”

“माहितेय. फोटोत बघितलं मी.” शारकाननं बातमाचा गार झालेला चहा ओतून टाकला. “बरोबरच आहे म्हणा. घोडीला कुठली आलीत बोटं.”

तिनं किटलीतला गरम चहा पुन्हा पेल्यात भरला आणि पुढे केला. बातमाला तो घ्यायला हात पुढे करता येईना.